बोटाचा दोष की पोर्टाचा?



आज एका अंगठ्याची गोष्ट सांगणार आहे. अंगठा माझ्या खालांचा. खाला म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. वय पंच्याहत्तरच्या पुढं. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर ईपीएस-९५ या योजनेतून खालांना विधवेची पेन्शन सुरू झाली. रक्कम हजार-दीड हजाराच्या घरातली. तुम्हा-आम्हाला ती लहान वाटेल. खालांचं औषध, चहापावडर आणि नातवंडांच्या हातावर ठेवायचे दहा-दहा रुपये त्यातून निघतात.

ही पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी बँकेत जाऊन साहेबांसमोर उभं राहिलं, कागदावर अंगठा उमटवला की झालं. १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही सोय आली. आधार क्रमांक द्यायचा, काचेच्या छोट्याशा यंत्रावर बोट ठेवायचं, आणि दिल्लीपर्यंत कळतं की सटाण्याची ही बाई हयात आहे. सोय चांगलीच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

तर खाला सटाण्यातल्या एका सेवा केंद्रावर गेल्या. दोनदा गेल्या आणि दोन्हीदा परत आल्या. त्यांना सांगण्यात आलं, "आजी, तुमची बोटं उठत नाहीत. झिजलीत."

खालांनी ते ताबडतोब मान्य केलं. त्यांचं आयुष्य लोकांच्या कांदाचाळीत कांदा निवडण्यात गेलेलं. कांद्याच्या पातीनं आणि मातीनं बोटं गुळगुळीत होतात, हे खरंच आहे. घरी येऊन त्यांनी बोटांना तूप चोळलं, कोमट पाण्यात हात बुडवून बसल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बेटा, अंगठाच राहिला नाही तर मी जिवंत कशावरून?" त्या हसून म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही. आधीच्या दाखल्याची मुदत आठवड्यावर आली होती.

मग मी त्यांच्याबरोबर गेलो. रांग होती. कुणाला सातबारा हवा होता, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा होता. आमचा नंबर आला. खालांनी अंगठा ठेवला. यंत्रातला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. मुख्य माणूस सवयीनं म्हणाला, "बोट उठत नाही." तेवढ्यात त्याच्या हाताखालचा एक पोरगा वाकला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. म्हणाला, "चाचा, दोन मिनिटं थांबा. हे पुढं चालत नाही कधी कधी. मागं लावून बघतो."

त्यानं टेबल ओढलं, कॉम्प्युटरच्या खोक्याच्या मागं हात घातला. तिथली प्रिंटरची वायर काढली आणि त्या जागी हे बोटाचं यंत्र खोचलं. खालांनी अंगठा ठेवला. दिवा लागला आणि स्थिर राहिला. पहिल्याच खेपेला काम झालं.

मंडळी, बोटं तीच होती, यंत्र तेच होतं, कॉम्प्युटरही तोच. बदललं होतं ते फक्त भोक. ज्याला यूएसबी पोर्ट म्हणतात ते. दोनदा जी म्हातारी आपल्याच हाताला दोष देत घरी गेली, तिच्या हाताचा काही दोष नव्हता.

मी कवितेचा माणूस, बी.ए. झालेला, विज्ञानाशी माझा संबंध शाळेनंतर सुटला. पण ही गोष्ट डोक्यातून जाईना. एकाच आकाराची दोन छिद्रं, एकात यंत्र चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही, असं का? त्या पोराला विचारलं, जाणत्यांना विचारलं, थोडं वाचलं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

यूएसबी या नावातला 'यू' म्हणजे युनिव्हर्सल, सर्वांसाठी. हे नाव उगाच नाही. पूर्वी कॉम्प्युटरला मागच्या बाजूला तऱ्हेतऱ्हेची तोंडं असायची. प्रिंटरचं रुंद, माऊसचं गोल, मोडेमचं आणखी वेगळं. एकाची वायर दुसऱ्यात जायची नाही. ही कटकट मिटवायला सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला नियमग्रंथ निघाला. या कामात इंटेल कंपनीतले अजय भट्ट यांचा वाटा मोठा होता. ते शिकले बडोद्याला. म्हणजे सगळ्यांसाठी एकच दार असावं, या कल्पनेत आपल्या शेजारच्या गावाचाही हात आहे.

दार एकसारखं झालं खरं. पण दारामागं जे आहे ते एकसारखं झालं नाही. गोम तिथं आहे.

यूएसबीच्या वायरीतून दोन गोष्टी जातात. एक म्हणजे निरोप आणि दुसरी म्हणजे वीज. बोटाच्या यंत्राला स्वतःचा वीजेचा प्लग नसतो. काचेखालचा दिवा, आतला कॅमेरा, सगळं पोर्टातून येणाऱ्या विजेवर चालतं. ही वीज पाच व्होल्टची असते आणि तिचं रेशन ठरलेलं आहे.

हे समजून घेताना मला आमच्या बागलाणातल्या पाटाची आठवण झाली. मोसम आणि आरम या आमच्या नद्या. त्यांच्या बंधाऱ्यांवर फड पद्धतीनं पाणी वाटण्याची रीत काही शतकं जुनी आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाणी कुणी मनाला येईल तसं फोडून घ्यायचं नाही. पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढंच घ्यायचं. यूएसबीत असाच एक पाटकरी कॉम्प्युटरच्या आत बसलेला असतो. नवं यंत्र खोचलं की त्याला आधी फक्त १०० मिलिअँपिअर वीज घेता येते. तेवढ्यात त्यानं आपली ओळख सांगायची आणि मला एवढी वीज लागेल अशी मागणी करायची. मागणी मंजूर झाली तर यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. हा २.० चा नियम २००० सालचा. २००८ साली आलेल्या ३.० मध्ये ही मर्यादा ९०० वर गेली.

आता गंमत बघा. खोक्याच्या मागचे पोर्ट मुख्य पट्टीवर, मदरबोर्डवर, थेट बसवलेले असतात. म्हणजे ते बंधाऱ्याला लागून असलेलं शेत. पुढचे पोर्ट आपल्या सोयीसाठी काढलेले. त्यांच्यापर्यंत खोक्याच्या आतून एक बारीक वायर नेलेली असते. स्वस्तातल्या खोक्यात ती वायर हलकी असते, कधी तिची आतली पिन सैल असते. शिवाय पुढच्या पोर्टात दिवसातून वीस वेळा पेनड्राईव्ह जातो आणि निघतो. त्याच्या पट्ट्या झिजतात, आत धूळ बसते. पाटाच्या शेपटाला पाणी पोचेपर्यंत जसं झिरपून कमी होतं, तसं यंत्रापर्यंत पोचताना व्होल्ट कमी होतात. माऊसला फारसं काही लागत नाही, तो त्यावर खुशाल चालतो. पण ज्याला दिवा पेटवायचा आहे, चित्र काढायचं आहे, त्याला ते पुरत नाही. ते चालू होतं, धापा टाकतं, बंद पडतं, पुन्हा उठतं. खालांच्या अंगठ्याखाली दिवा लागत-विझत होता तो यामुळे.

एका पोर्टाचे चार करून देणारा डबा मिळतो, त्याला हब म्हणतात. त्याला स्वतःचा प्लग नसेल तर तोही एका शेताचंच पाणी चार जणांत वाटतो. नियमानं प्रत्येकाच्या वाट्याला १०० मिलिअँपिअर येतात. त्यात पोर्टेबल हार्ड डिस्क खोचली की ती टक-टक आवाज करते आणि उघडत नाही. लोक म्हणतात डिस्क मेली. ती मेलेली असेलच असं नाही. ती उपाशी असू शकते.

म्हणजे पहिलं कारण विजेचं. दुसरं कारण ओळखीचं आहे, आणि तेही मला त्याच दुपारी तिथंच दिसलं.

खालांचा दाखला तयार झाला. खाला म्हणाल्या, "बेटा, कागदावर दे. मोबाईलवर मला दिसत नाही." पोरानं प्रिंटरची वायर आता दुसऱ्या पोर्टात लावली होती. प्रिंटचं बटण दाबलं. काही हालचाल नाही. प्रिंटर चालू, कागद भरलेला, शाई आहे, पण कागद बाहेर येत नाही. पुन्हा रांगेत कुरकुर सुरू झाली. मग पोरानं यादी उघडली. त्यात एकाच प्रिंटरची दोन नावं होती. एक जुनं, फिकट झालेलं. दुसरं तेच नाव, पुढं 'कॉपी १' असं लिहिलेलं. हुकूम जात होता जुन्या नावाला, आणि त्या दारात आता कुणी उभंच नव्हतं.

असं का होतं? प्रत्येक यंत्र कॉम्प्युटरला आपली कंपनी आणि आपली जात, म्हणजे मॉडेल, सांगतं. काही यंत्रांना याशिवाय स्वतःचा वेगळा अनुक्रमांक असतो. असं यंत्र कुठल्याही पोर्टात खोचा, विंडोज त्याला ओळखते. आलास का, ये, बस. पण काही यंत्रांना हा क्रमांक दिलेलाच नसतो. मग विंडोज त्यांना ते बसलेत त्या जागेवरून ओळखते. मागच्या दुसऱ्या पोर्टातला प्रिंटर तो अमुक, एवढीच ओळख. तोच प्रिंटर उठून शेजारच्या पोर्टात बसला की तो परका होतो. त्याची पुन्हा नोंद होते, नवं नाव पडतं, आणि जुन्या नावावर पाठवलेली कामं तशीच रांगेत पडून राहतात. दुकानातल्या बिलाच्या मशीनचं, बारकोड वाचणाऱ्या यंत्राचंही असंच होतं. म्हणून जाणता दुकानदार वायरीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवतो, 'ही इथंच लावणे'.

हे ऐकल्यावर मी थोडा गप्प झालो, हे कबूल करतो. मी गेली तीस-पस्तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. सटाण्यात, मालेगावात मला ओळखणारे ओळखतात. पण नव्या गावी कविसंमेलनाला गेलो की कुणीतरी प्रेमानं विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दर नव्या ठिकाणी माझी नोंद पहिल्यापासून होते. त्या प्रिंटरचं दुःख मला पटकन कळलं ते त्यामुळे असेल.

असो. तिसरं कारण पिढ्यांचं आहे. काही पोर्ट आतून निळे दिसतात. ते बहुधा ३.० चे. जुन्या पोर्टात चार पट्ट्या असतात, यात आणखी पाच, अशा नऊ. नव्या पोर्टात जुनं यंत्र चालावं असा नियम आहे आणि बहुतेक वेळा चालतंही. पण पोर्टाला चालवायला आत त्याची भाषा जाणणारा दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज ७ आली २००९ साली. तिच्यात ३.० चा दुभाष्या नव्हता, तो वेगळा घालावा लागे. पुष्कळांना अनुभव आला असेल, नव्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ टाकायला बसलं की निळ्या पोर्टातला कीबोर्ड आणि माऊस ढिम्म. जुन्या काळ्या पोर्टात लावला की चालू. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो दुभाष्या आतच आला. पण आपल्याकडं जुने कॉम्प्युटर लवकर निवृत्त होत नाहीत, म्हणून हा अनुभव पुढंही बरीच वर्षं येत राहिला.

निळ्या पोर्टाची आणखी एक खोड आहे. बिनवायरचा माऊस असतो ना, त्याचं नखाएवढं बटण आपण पोर्टात खोचतो. ते २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर बोलतं. शेजारच्या निळ्या पोर्टात वेगवान हार्ड डिस्क चालू असली तर तिचा गोंगाट नेमका त्याच लहरींवर पडतो. इंटेलनंच २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. बाजारात ढोल वाजत असताना कानात सांगितलेलं ऐकू येत नाही, तसा तो माऊस अडखळतो. बटण काढून दुसऱ्या बाजूला लावलं की सुरळीत.

आणि आता टाइप-सी आलं आहे. २०१४ साली त्याची रचना ठरली. उलट-सुलट कसंही घाला, जातं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना चार्जिंगचं हेच तोंड सक्तीचं झालं. वाटलं आता तरी भांडण मिटलं. पण एखाद्या लॅपटॉपला सारखी दिसणारी दोन टाइप-सी तोंडं असतात. एकातून चार्जिंग होतं, दुसऱ्यातून होत नाही. एकाला टीव्ही जोडता येतो, दुसऱ्याला नाही. शेजारी बारीक खूण असते, विजेची किंवा पडद्याची, आणि ती दिसायला चष्मा लागतो. आकार एक झाला म्हणून मागची सोय एक होत नाही.

मग आपण काय करायचं? साध्या गोष्टी आहेत. यंत्र चाललं नाही तर ते फेकण्याआधी आणि माणसाला परत पाठवण्याआधी पोर्ट बदलून पाहावा. मागचा पोर्ट आधी वापरावा. मध्ये हब किंवा जोडवायर असेल तर काढून थेट लावावं. लांब वायरीचा मोह नको. २.० च्या नियमात पाच मीटर ही कमाल हद्द आहे, आणि स्वस्त वायर त्याच्या कितीतरी आधी दम तोडते. एकदा जिथं यंत्र नीट चाललं तिथंच ते कायम ठेवावं. आणि खरोखरच बोटं झिजली असतील, तशीही पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची असतात, तर २०२१ च्या नोव्हेंबरपासून हयातीचा दाखला मोबाईलच्या कॅमेऱ्यातून चेहरा दाखवूनही निघतो. ते केंद्रावरच्या माणसानं आपणहून सांगायला हवं. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला ते कुठून माहीत असणार?

मला यंत्रांचा राग नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आमच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात. ज्याच्याजवळ कुठलाच कागद नाही त्यालाही देशात कुठंही ओळख मिळावी, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. म्हणजे यंत्राच्या अनुक्रमांकासारखंच, कुठल्याही दारात गेलं तरी तो तोच. विचार चांगला आहे. पण तो शेवटी एका टेबलाखालच्या पोर्टापाशी येऊन थांबतो. तिथली वायर सैल असेल तर ठपका माणसाच्या बोटावर येतो, कारण यंत्राला कुणी दोष देत नाही. यंत्र इंग्रजीत बोलतं. म्हातारी गप्प बसते.

सटाणा हे देव मामलेदारांचं गाव. यशवंतराव महाराजांचं मंदिर इथं आरम नदीच्या काठी आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिन्यातला पैसा भुकेल्यांना वाटला, असं इथं घराघरात सांगतात. एका सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ गावानं बांधलं. कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडं आधी पाहावं, कागदाकडं मग, ही गोष्ट या गावाला कुणी नव्यानं शिकवायला नको. त्या पोरानं तरी दुसरं काय केलं? तो वाकला, एवढंच. वाकून टेबलामागं हात घातला.

खालांना त्या दिवशी कागद मिळाला. त्यांनी तो घडी करून बटव्यात ठेवला आणि त्या पोराला म्हणाल्या, "बेटा, नाव काय तुझं?" त्यानं सांगितलं. रिक्षात बसल्यावर त्या कितीतरी वेळ उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातात धरून बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "मी उगाच तूप घालवलं."

पुढच्या वर्षी मी बरोबर होतो. मुख्य माणसानं यंत्र पुढं सरकवलं, तशा खाला म्हणाल्या, "ठहर बेटा. पहले पीछे लगा."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)